खाली कोण आहे?

माझी बायको दिवाळीच्या सफाईला स्टुलावर चढली की मी न चुकता विचारतो, “खाली कोण आहे?” ती वरूनच चिडते. “भूत हाय! एवढ्याशा स्टुलाले खाली कोन पायजे?” मग मी उठतो आणि मुकाट्याने स्टूल धरतो. हा रोग मला काकांनी लावला. काकांच्या हातून कुणाला चांगलं काही मिळणं कठीणच होतं, पण रोग मात्र ते अगदी मनापासून लावत.

काका माझे नात्यातले कोणी नव्हेत. नागपूरच्या पुढे, सौंसरच्या बायपासला आमच्या शेठचं यार्ड होतं, तिथे उंचावर काम करायच्या मशिनी भाड्याने मिळत. गाडीसारखी चाकं, त्यावर लांब लोखंडी हात आणि हाताच्या टोकाला माणूस उभा राहील असा कठड्याचा पिंजरा. आमच्याकडे तिला सगळे बूम म्हणत. काका बूम चालवत आणि मी वेल्डर, त्यांच्याशेजारी पिंजऱ्यात उभा राहून छपराच्या लोखंडी कैच्या, म्हणजे पत्र्यांखालचे तिकोनी सांगाडे, जोडत असे. जिनिंगची छपरं, संत्र्याच्या पॅकिंगचे शेड, गोदामं. लोधीखेड्यापासून पांढुर्ण्यापर्यंत उन्हात जेवढे उंच पत्रे चमकतात, त्यातल्या बऱ्याच पत्र्यांखाली आम्ही दोघं भांडलेलो आहोत.

आमच्यापर्यंत येण्याआधी ते कुठेतरी लाइनमन होते. अंगाने काटकुळे, शर्ट पांढरा आणि इस्त्रीचा. वेल्डिंगच्या ठिणग्यांत पांढरा शर्ट घालणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. एखादी ठिणगी त्यावर पडली की शिवी मला. डोक्यावरचं हेल्मेट चहा पितानाही उतरत नसे. यार्डातल्या पोरांनी त्यांना किती नावं ठेवली त्याला हिशोब नाही, आणि ती सगळी त्यांना ठाऊक होती.

मशीन वर नेण्याआधी ते एकच प्रश्न विचारत. “खाली कोन आहे?”

एखादा नवा सुपरवायझर वरच्या माणसांची नावं सांगायला लागला की ते हात वर करत. “वर कोन चाल्लं ते मले नोको सांगू. वर मीच चाल्लो. खाली कोन आहे ते सांग.”

त्यांचं म्हणणं सरळ होतं. पिंजऱ्यातून मशीन चालवता येते, तशी ती खालूनही चालवता येते. चाकांजवळ एक पेटी असते, तिच्यात किल्ली आणि बटणं. वरच्या माणसाला चक्कर आली, विजेचा झटका बसला, काहीही झालं, तर त्याला उतरवणारा फक्त तो पेटीजवळचा माणूस. “बेल्ट मानसाले पडू देत नाही,” ते म्हणत, “पन खाली नाही आनत. खाली मानूसच आनते.” साइटवर पेटीजवळचा माणूस बहुधा बिडी प्यायला गेलेला असतो. काकांच्या साइटवर तो हलला की काका वरून अशी शिवी हासडत की शेजारच्या शेतातली बाई मान खाली घालून निंदण करायला लागे.

“मी आहो,” एवढं उत्तर त्यांना पुरत नसे. “तू मंजे कोन? तुले काय येते?” मग त्या माणसाला किल्ली फिरवून, बटण दाबून, रिकामा पिंजरा खाली घेऊन दाखवावा लागे. त्यांनी हे यार्डातल्या चौकीदाराला शिकवलं, डबे आणणाऱ्या बाईला शिकवलं, खुद्द शेठला शिकवलं. शेठ पॉलिशचे बूट घालून चिखलात उभा होता आणि काका त्याला शाळेतल्या पोरासारखं पुन्हापुन्हा बटण दाबायला लावत होते. उत्तर बरोबर आलं की ते नुसती मान हलवत. शाबास म्हणताना मी त्यांना कधी ऐकलं नाही.

आणि खाली कोणी नसेल तर? तर तसं सांगायचं. ही त्यांची दुसरी अट होती आणि तीच लोकांना जड जायची. लोधीखेड्याजवळच्या एका शेडवर ठेकेदाराच्या माणसाने ठोकून दिलं, “आहे न काका, गंज जन आहे खाली.” काकांनी पेटीजवळ जाऊन पाहिलं. पुष्कळ जण होते, पण किल्ली कशाला असते हे एकालाही सांगता येईना. काकांनी डोक्यावरचं हेल्मेट काढलं, चाकाशेजारी जमिनीवर उलटं ठेवलं आणि चाकाला टेकून बसले. ठेकेदार ओरडला, शेठला फोन झाले, माल उतरवणारा ट्रकवाला पोट धरून हसला. काका हलेनात. मलाही त्यांच्याशेजारी बसावं लागलं, कारण पिंजरा वर गेल्याशिवाय मी काय जोडणार?

“कोनी नसन तं कोनी नाही मन,” ते त्या माणसाला म्हणाले. “लाजाचं काहून? मी वर नाही जानार, एवढंच. पन खोटं नोको बोलू. वरच्या मानसाले खरं मालूम पायजे.”

हेल्मेट उलटं ठेवून बसले की समजायचं, आज काम नाही. ते उलटं हेल्मेट मी इतक्या वेळा पाहिलं की स्वप्नातही येई.

माझी त्यांची पहिली गाठ पडली तेव्हा त्यांनी मला झाडाला टांगलं. खरोखर टांगलं. यार्डात मोठं कडुलिंबाचं झाड होतं. मी आयटीआय करून, दोन-चार ठिकाणी काम करून आलेला, स्वतःला शहाणा समजणारा. त्यांनी माझ्या अंगावर सेफ्टी बेल्टचे पट्टे आवळले, मागचा दोर फांदीला अडकवला आणि पायाखालचा ड्रम लाथ मारून काढला. मी अधांतरी. मांड्यांत पट्टे असे रुतले की डोळ्यांपुढे काजवे चमकले. काका समोर बसून चहा पीत होते.

“आता समजलं? बेल्टाले लोंबलेला मानूस वाचला असं नसते. त्याले लौकर उतरवा लागते. नाही तं पायात रक्त अडकते अन् लोंबल्या लोंबल्या मरते.”

“काका, उतरवा न!”

“चाय तं पिऊ दे.”

हा माणूस मला आवडला होता असं मी म्हणणार नाही. त्यांचा डबा त्यांनी कधी कुणासमोर उघडला नाही. कुणी बेल्टचा हुक कठड्यात न अडकवता उभा दिसला की ते त्याला उतरवत आणि दिवसभर घरी पाठवत. त्याच्या घरी चूल पेटेल की नाही याचा विचार नाही. मशिनीला ते सकाळी एक पूर्ण फेरी मारत, प्रत्येक चाकाला हात लावत, तेल गळतं का ते वाकून बघत. पोरं म्हणत, “बुढा देवाले नाही जात, मशीनले फेरे घालते.” हे मात्र खोटं. देवालाही जात. शनिवारी कित्येकदा आम्ही दोघं जामसांवलीला गेलो आहोत. पण तिथेही हनुमानाला हात जोडून झाले की त्यांची नजर वर, मंडपाच्या दिव्यांकडे, आणि प्रश्न ठरलेला. हे दिवे कोणी लावले, कशावर चढून लावले?

आपली काळी माती तर त्यांची जन्माची वैरीण. वरून टणक दिसते, भेगा पडलेली असते आणि आत पोकळ. कुठे बुजवलेली विहीर, कुठे संत्र्याच्या बागेला पाणी नेणाऱ्या पाइपाची चारी. मशीन उभी करण्याआधी ते सब्बल, म्हणजे पहार, घेऊन जमीन ठोकत फिरत आणि आवाज ऐकत. “ह्या मातीवर भरोसा नोको ठेवू. हे कापूस देते मनून तुले वाटते मायाळू हाय.”

लोकांना वाटे, या माणसाच्या आयुष्यात काहीतरी मोठं घडलं असेल. एखादा सोबती खांबावरून पडला असेल, भाऊ गेला असेल. मलाही वाटे. एकदा पिंजऱ्यात, जेवणाच्या सुटीआधी, मी विचारलंच. काकांनी आधी माझ्या बेल्टचा हुक ओढून पाहिला.

“घडाले पायजे काय? घडल्याबिगर मानसाले शिकताच येत नाही काय?”

मी पुढची कैची जोडायला घेतली.

सगळ्यात वैताग होता तो त्यांच्या नाटकाचा. काम नीट चाललेलं असावं, आणि एकाएकी काका पिंजऱ्यात कोसळत. डोळे मिटलेले, मान कलती, तोंड उघडं. काही सांगणं नाही, पूर्वसूचना नाही. खालच्याने किल्ली फिरवून त्यांना उतरवेपर्यंत ते तसेच पडून राहत. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी पिंजऱ्यात त्यांच्या छातीवर हात ठेवून रडायच्या बेतात होतो. पेटीजवळचा गडी घाबरून धावला तो थेट माठाकडे. काकांनी एक डोळा उघडून कठड्यातून खाली पाहिलं.

“पाह्य, पाह्य त्या भयताडाले! मी वर मरून राहिलो अन् तो पानी भरून राहिला!”

पुढे पुढे सगळे सरावले. काका पडले की खालचा जांभई देत किल्ली फिरवी. पण मी त्यांच्याशेजारी उभा असे, म्हणून मला एक गोष्ट ठाऊक होती जी दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हती. नाटकातही काका कधी हात कठड्याबाहेर जाऊ देत नसत. हात छातीवर घट्ट दुमडलेले. कठड्याबाहेर गेलेला हात कैचीत सापडतो आणि तुटतो, हा नियम त्यांनी मेल्याचं सोंग करतानाही मोडला नाही.

त्यांच्या घरच्यांचं काय होत असेल, याची कल्पना मला मुलाच्या लग्नात आली. पांढुर्ण्याला वरात दाराशी आलेली, बँड वाजतोय, आणि मंडपाचा माणूस टेबलावर प्लॅस्टिकची खुर्ची ठेवून तिच्यावर उभा राहून झालर बांधतोय. वरबाप वरात सोडून आत घुसले. त्याला खाली उतरवलं, शिडी मागवली, शिडी धरायला माणूस उभा केला आणि मगच नवरदेवाला आत येऊ दिलं. मुलीकडची मंडळी उन्हात ताटकळली. त्यांची सून अजूनही ते ऐकवते. “आमचे मामंजी लग्नात सेफ्टी करत होते,” असं ती म्हणते, आणि ऐकणाऱ्याला हसावं लागतं.

आता त्या देवळाची गोष्ट. रामाकोन्याच्या पुढचं एक गाव, नाव सांगत नाही. गावाचा तसा काही दोष नव्हता. देवीचं नवं देऊळ बांधलं होतं, शिखर उंच होतं आणि वैशाखात कलश चढवायचा ठरला. शेठने नवीन बूम घेतली होती. तिचं पहिलं काम देवीचं, म्हणून त्याने भाडं घेतलं नाही, आणि हे तो येईल-जाईल त्याला सांगत होता.

सकाळीच जोड्यांवरून वाजलं. कमिटीचे अध्यक्ष म्हणाले, “काका, देवीच्या डोक्यावर जोडे घालून जाता काय?”

“जातो. काहून जातो ते तिले दिसते. अनवानी पाय सटकला अन् तिच्याच डोक्यावर पडलो तं चालन काय तुमाले?”

“अन् तो पट्टा?”

“चामड्याचा नाही, नायलॉनचा आहे. हात लावून पाहा.”

शेवटी भटजींनी तोड काढली. काकांच्या आणि माझ्या बुटांवर, बेल्टवर गोमूत्र शिंपडलं. काकांनी तेवढं चालवून घेतलं, शर्टावर पडलेला एक थेंब मात्र रुमालाने पुसून काढला.

कलश आम्ही दोघांनी चढवला. मी खालची सळई जोडली, काकांनी पिंजरा असा धरला की चहाचा कप सांडू नये. खाली ढोल, गुलाल, बायकांच्या रांगा. उतरलो तेव्हा मला खरोखर भरून आलं होतं, आणि काकांनी माझ्या कामाकडे पाहून मान हलवली. तेवढ्यात अध्यक्ष आले. कलशावर फुलं पडायला हवीत, वरून, पिंजऱ्यातून. आणि ती आपण स्वतः टाकणार. सोवळं नेसलेले, उघड्या अंगाचे, अनवाणी. काका म्हणाले, बेल्ट घाला, बूट घाला, चला. अध्यक्षांचा चेहरा उतरला. मग ठरलं की फुलांची टोपली घेऊन काका एकटेच वर जातील. मी माझं वेल्डिंगचं सामान ट्रककडे न्यायला निघालो.

“खाली कोन आहे?” काकांनी विचारलं.

“मी आहो न, काका,” शेठ म्हणाला.

“तुमी मंजे?”

“किल्ली फिरवाची, बटन दाबाचं, पिंजरा खाली. तुमीच तं शिकोलं.” शेठ हसला. “अन् मशीन माझी आहे काका. माझ्यापरीस कोन भरोशाचं?”

काकांनी मान हलवली आणि वर गेले.

त्या मशिनीची रीत अशी होती. पेटीतली किल्ली एकदा पिंजऱ्याच्या बाजूला फिरवली की ताबा वर जातो. मग किल्ली काढून घेतली तरी वरचा माणूस मशीन चालवत राहतो, काही अडत नाही. अडतं ते वरच्याला काही झालं म्हणजे. खालून उतरवायला ती किल्ली लागतेच, दुसरा उपाय नाही. म्हणून काम चालू असताना किल्ली पेटीतून काढायची नाही आणि पेटीपासून हलायचं नाही. शेठला हे पाठ होतं. पण आपल्याकडे नवी गाडी घेतली की तिची किल्ली आधी देवाच्या पायाशी जाते. मोटरसायकल असो, ट्रॅक्टर असो. ट्रॅक्टर तेव्हा देवळाबाहेर उभा असतो, त्याच्यावर शिखराएवढ्या उंचीवर कोणी बसलेलं नसतं. भटजींनी आतून विचारलं, मशिनीची किल्ली आणली का, आरतीची वेळ झाली. शेठने पेटीतली किल्ली काढली, चपला काढल्या आणि हात जोडून आत गेला.

मी ट्रकजवळून वर पाहिलं. झेंडूच्या पाकळ्या कलशावर पडत होत्या. मग टोपलीच खाली आली. मला वाटलं, झालं यांचं नाटक सुरू, देवीच्या दारातही सोडत नाहीत. मग मला हात दिसला. काकांचा उजवा हात कोपरापर्यंत कठड्याबाहेर लोंबत होता.

मी धावलो. पेटीजवळ कोणी नव्हतं आणि किल्लीचं भोक रिकामं होतं.

देवळात आरती लागलेली. सभामंडप गच्च, झांजा, घंटा. माणसांना ढकलत मी गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत पोचलो. आतल्या तबकात देवीच्या पायाशी किल्ली दिसत होती, कुंकवाने लाल झालेली, वर एक फूल. शेठ डोळे मिटून टाळ्या वाजवत होता. मी त्याचा खांदा हलवला.

“किल्ली द्या. काका पडले वर.”

त्याने डोळे उघडले नाहीत. “नाटक करून राहिला बुढा. तुले मालूम नाही काय?”

“हात बाहेर हाय!”

“मंग?”

हे त्याला कळणार नव्हतं. त्या मंडपातल्या एकालाही कळणार नव्हतं. मी आत पाय टाकला तशी दोघांनी मला बखोट्याला धरून मागे ओढलं. मी पँटमध्ये होतो, पायात बूट होते. अध्यक्ष चालत्या आरतीतच म्हणाले, “पाच मिनिट थांब न बाप्पा. पायाशी ठेवलेलं आरतीच्या आधी उचलत नसते.” मी ओरडलो. झांजा माझ्यापेक्षा मोठ्याने वाजत होत्या. एक आरती संपली की दुसरी सुरू, दुसरीनंतर तिसरी, मग मंत्रपुष्पांजली, मग प्रदक्षिणा. आपल्याला सगळ्या आरत्या पाठ असतात. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की त्या किती आहेत.

मग भटजींनी किल्ली आणून दिली. एका हातात किल्ली, दुसऱ्या हातात साखरफुटाणे. आणि सांगायला लाज वाटते, प्रसाद फेकून देणं मला जमलं नाही. तो मी खिशात घातला आणि मग धावलो. आपण असे आहोत. किल्लीच्या दातांत कुंकू बसलं होतं, ती भोकात जाईना. शर्टाला पुसून घातली.

पिंजरा खाली आला. काकांचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. डोळे उघडे होते. मी नंतर पुष्कळदा विचार केला आहे आणि मला तो करायचा नसतो. त्या पिंजऱ्यात पडलेल्या माणसाला कठड्यातून नेमकी खालची पेटी दिसते. त्यांना ती दिसत होती. तिच्याजवळ कोणी नाही, हेही दिसत होतं.

नागपूरला नेलं. उजवं अंग गेलं, वाचा गेली. तेवढ्या उशिराने फरक पडला का, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, पडला असेल, नसेलही, नक्की सांगता येत नाही. त्यांनी खरं तेच सांगितलं. मला मात्र त्या उत्तराने आजतागायत झोप लागू दिलेली नाही.

पुढचं ऐका. गावात गोष्ट झाली. किल्ली देवीच्या पायाशी होती म्हणूनच बुढा वाचला! एवढ्या उंचावर लकवा मारला, तरी पडला नाही, कारण देवीने धरला. पडला नाही तो बेल्टमुळे, ज्याच्यावर गोमूत्र शिंपडलं होतं. पण बेल्टची गोष्ट कोण सांगणार? शेठचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. त्याने भाषणात काकांचं नाव घेतलं, डोळे पुसले. आता यार्डात कोणतीही नवी मशीन आली की तिची किल्ली पहिल्यांदा त्या देवळात जाते. देवीला मी बोल लावत नाही. तिने किल्ली मागितली नव्हती. तिला बोलता आलं असतं तर तिनेच सगळ्यांच्या आधी विचारलं असतं, खाली कोण आहे?

मी यार्ड सोडलं. सौंसरला ग्रिल-गेटचं दुकान टाकलं. शेठ भेटला की अजून म्हणतो, “तू गरम डोक्याचा आहेस गा.” आहेच.

काकांना मुलाने पांढुर्ण्याला नेलं. त्याचं मोबाइलचं दुकान खाली आहे, राहायला वर. बाहेरून अरुंद लोखंडी जिना. एका बाजूला कठडा आहे, दुसऱ्या बाजूला भिंतही नाही. धडधाकट होते तेव्हा काका त्या जिन्याने कधी चढले नाहीत. मुलाला खाली बोलावून अंगणातच बोलत. आता ते कायमचे वर आहेत.

गेल्या महिन्यात मी गेलो. दुकानाचं शटर पाडलेलं. मुलाला फोन लावला. “भाऊ, आमी सारे लग्नाले आलो मुलताईले. बाबा आहे न वर. संध्याकाळी शेजारची बाई येऊन पायते. तुमी जा वर, कडी बाहेरून आहे, ते काढा. अन् जातानी लावून देजा बरं.”

“बाहेरून कडी?”

“जिन्यावर येते न ते घसरत घसरत. पडन म्हनून. सेफ्टीसाठी.”

मुलगा वाईट नाही. दुकान चालवतो, औषधं वेळेवर आणतो. मी फोन ठेवला, जिना चढलो आणि कडी काढली.

काका खिडकीशी खाटेवर होते. बनियन, गळ्याभोवती टॉवेल. पांढरा इस्त्रीचा शर्ट खुंटीला होता, कोणी घातला नसावा. मला ओळखलं. मी संत्री नेली होती, सोलून एकेक फोड दिली. मी बोलत राहिलो, दुकानाचं, बायकोच्या स्टुलाचं. त्यांच्या तोंडाची डावी बाजू जराशी हसली.

बसची वेळ झाली तसा मी उठलो. त्यांनी डाव्या हाताने माझी बाही धरली. तोंड हलायला लागलं. खूप कष्ट पडत होते, आवाज फुटत नव्हता, लाळ गळत होती. मग डाव्या हाताचं बोट खाटेच्या कडेवरून खाली, फरशीकडे, फरशीच्याही खाली वळलं.

“खा... खाई... को...”

मला पहिल्या अक्षरालाच कळलं होतं. सवयीने तोंडावर आलं, मी आहे न काका. तेच, शेठचेच शब्द. मी तोंड मिटलं. खाली शटर पडलेलं होतं. माझी बस निघणार होती, जाताना मला कडी लावायची होती.

“कोणी नाही, काका,” मी म्हणालो. “खाली कोणीच नाही.”

त्यांनी मान हलवली. बरोबर उत्तराला हलवत, तशीच. मग बाही सोडून तो हात हळूहळू वर गेला, डोक्यापर्यंत, आणि तिथे काही शोधत राहिला. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. तरी त्यांनी ते काढल्यासारखं केलं, खाटेखाली जमिनीवर उलटं ठेवल्यासारखं केलं आणि भिंतीला टेकून बसले.

मग मीही बसलो.